मलपृष्ठावरच्या बाईंचं काय करायचं?

या वेळचं पत्र कोथरूडहून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं ‘ताई’ म्हणते. ताई भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, म्हणजे सरकारतर्फे जमिनी मोजणाऱ्या, होत्या. 27 वर्षं नोकरी करून स्वेच्छानिवृत्ती घेतली. मोजणीच्या निमित्ताने पाहिलेली बांधावरची भांडणं, भाऊबंदकी, कोर्टकज्जे यांवर त्यांनी कथा लिहिल्या आणि पुण्यातल्याच एका प्रकाशकाने त्या घेतल्या. प्रूफं तपासून झाली. आता प्रकाशकाची मेल आलीये, की शंभर शब्दांत लेखक-परिचय, एक चांगला फोटो आणि दोन पानी मनोगत पंधरा दिवसांत पाठवा. घोडं इथे अडलंय.

ताई लिहितात:

“बारा कथा लिहिताना हात अडखळला नाही, पण या शंभर शब्दांनी झोप उडवली आहे. स्वतःबद्दल ‘त्या पुण्यात राहतात’ असं लिहिलं आणि कुणीतरी मागे उभं राहून हसतंय असं वाटलं. स्वतःबद्दल बोलणं आपल्यात बसत नाही. मुलाने फोटो काढले. पुस्तकांच्या कपाटापुढे बसवलं, हनुवटीला हात लावायला सांगितला. फोटोत मी दाढ दुखत असल्यासारखी दिसते. एका लग्नात जुने सहकारी भेटले, ‘काय, आता लेखिका का!’ म्हणाले. नणंद म्हणाली, ‘बरं झालं, तेवढाच वेळ जातो.’ परिचयही नको, फोटोही नको, नुसतं पुस्तक छापा, असं प्रकाशकांना सांगितलं तर चालेल का? की टोपणनाव घेऊ? परिचयाचा एक मसुदा जोडला आहे. वाचून हसू नका.”

ताई,

थोडं हसले. पण ते दाढदुखीला. मसुद्याकडे मग येते.

आधी सरळ उत्तर. फोटो नको, असं प्रकाशकाला सांगता येतं. कुरकुर करतील, पण ऐकतील. परिचय नको, असं मात्र सांगू नका. तुम्ही दिला नाही म्हणून ती जागा कोरी राहत नाही. प्रकाशकाच्या ऑफिसात ती भरायला कोणीतरी बसलेलं असतं, त्याला संध्याकाळपर्यंत मलपृष्ठ छपाईला पाठवायचं असतं, आणि तुमच्या बारा कथांपैकी त्याने दीड वाचलेली असते. मग ‘ग्रामीण जीवनातील दाहक वास्तवाचा वेध घेणाऱ्या संवेदनशील लेखिका’ छापून येतात. संपादनाच्या नोकरीत हे काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं. ‘दाहक’, ‘वेध’ आणि ‘संवेदनशील’ संध्याकाळी सहाच्या सुमाराला किती चटकन सुचतात, ते मला विचारा.

बरं, ते वाक्य मलपृष्ठावर थांबत नाही. समारंभात सूत्रसंचालक तेच वाचून दाखवतो, वर्तमानपत्राच्या बातमीत तेच जातं, ऑनलाइन विक्रीच्या पानावर तेच चिकटतं. पुढे कुणी तुम्हाला एखाद्या वाचनालयात बोलवलं तर तिथला सेक्रेटरीही तेच उतरवून घेणार. तेव्हा न लिहिण्याने सुटका नाही. फक्त लेखणी दुसऱ्याच्या हातात जाते.

आता दुखणं. पत्रात ते तुम्हीच सांगून टाकलंय. ‘कुणीतरी मागे उभं राहून हसतंय’ म्हणता आणि पुढच्या चार ओळींत जुने सहकारी येतात, नणंद येते. ताई, हा परिचय तुम्ही नणंदेसाठी लिहिताय. प्रत्येक वाक्य तिच्यापुढे टिकेल का, हे बघून लिहिताय. ‘लेखिका’ लिहिलं तर ती म्हणेल, एका पुस्तकात? ‘साहित्यसेवा’ लिहिलं तर म्हणेल, कुणी सांगितली होती? मग तिने काही म्हणायच्या आत तुम्हीच माघार घेता आणि ‘छंद’ लिहून मोकळ्या होता. पुण्यात हा धाक जरा जास्तच असतो. इथे प्रत्येक सोसायटीत एक कवी, एक व्याकरण तपासणारा आणि त्या दोघांना नावं ठेवणारा एक, असे तिघं तरी निघतात, आणि तिघंही एकाच जिन्याने ये-जा करतात.

पण नणंद मलपृष्ठ वाचणार नाही. तिला तुम्ही माहीत आहात, निदान तिची तशी समजूत आहे. जे तुम्हाला ओळखत नाहीत, त्यांनाच परिचय लागतो. त्यांच्याकडे एकदा नीट बघा.

फर्ग्युसनच्या मैदानावर 2023 पासून डिसेंबरात पुस्तक महोत्सव भरतो. कुणा ओळखीच्याच्या स्टॉलमध्ये खुर्ची टाकून तासभर बसा आणि माणसं पुस्तक कसं हाताळतात ते पाहा. पुस्तक उचलतात, मुखपृष्ठावर नजर टाकतात आणि लगेच उलटं करतात. आधी किंमत. मग मागच्या मजकुराच्या पहिल्या दोन ओळी. फोटो असला तर क्षणभर फोटो. मग मधलंच एखादं पान उघडून उभ्याउभ्या अर्धा परिच्छेद. एवढं झालं की पुस्तक एकतर काखेत जातं नाहीतर गठ्ठ्यावर परत. सगळं मिळून मिनिटभराचं काम, आणि त्यातले तुमच्या वाट्याला पाच-सहा सेकंद. समजा त्यांतली एक बाई लातूरहून लेकीकडे आलीये, आणि तिच्या घरात चुलत सासऱ्यांशी बांधावरून गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. ‘मोजणी’ हा शब्द दिसल्यावर ती थबकणारच. त्या पाच सेकंदांत तिला एवढंच हवं असतं, की हे सांगणारी कोण आणि हिला हे ठाऊक कसं? तुम्ही थोर आहात की नाही, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. परिचय हा सत्कार नाही, ती त्या बाईची सोय आहे. सत्कार म्हणून लिहायला बसलात तर लाज वाटणारच, वाटायलाच हवी. सोय म्हणून लिहिलात तर लाज वाटायला फारशी जागा उरत नाही.

‘स्वतःबद्दल बोलणं आपल्यात बसत नाही’ या वाक्यावर मात्र मी जरा अडले. आपल्यात म्हणजे कुणात? आपल्याकडचे संतकवी तर शेवटच्या ओळीत आपलं नाव घालूनच थांबतात. नामा म्हणे, जनी म्हणे, चोखा म्हणे. आणि कोथरूडहून तासाभरावर देहू आहे. तिथल्या तुकोबांना संतांनी विचारलं, तुमची हकिकत सांगा. त्यांनी ती एका अभंगात सांगितली. सुरुवात आहे ‘याती शूद्र वैश केला वेवसाव’. जात सांगितली, धंदा सांगितला. आणि लगेच पुढे:

नये बोलों परि पाळिलें वचन ।
केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं ॥

हे बोलू नये, पण तुम्ही विचारलंत, म्हणून तुमचा शब्द पाळतो. बघा, संकोच त्यांनाही आहे. त्यांनी तो एका ओळीत नोंदवला आणि पुढे कामाला लागले. त्यानंतर नुसत्या घडलेल्या गोष्टी आहेत. आईबाप गेले. दुष्काळात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. धंद्यात तूट आली आणि त्याची जिवाला लाज वाटली. मोडकं देऊळ होतं, ते नीट करावंसं वाटलं. एकादशीला कीर्तन करायला लागले, तेव्हा अभ्यासात मन नव्हतं, तेही सांगून टाकलंय. मग संतांची काही वचनं पाठ केली. पुढे वह्या बुडवल्या ते, धरणं धरून बसले ते. आणि शेवटाकडे येताना म्हणतात, विस्ताराने सांगायचं तर पुष्कळ आहे, उशीर होईल, आता पुरे. शब्दमर्यादा पाळण्याचा यापेक्षा चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही.

आपण काही तुकाराम नव्हे, असं तुम्ही म्हणणार. नाहीच. पण त्यांनी काय निवडलं ते तर बघता येतं? घडलेलं सांगितलंय, केलेलं सांगितलंय, विचारलं तेवढंच सांगितलंय. ‘बोलू नये’ हे वाटणं तसंच ठेवून बोललेत. संकोच आधी घालवायचा आणि मग लिहायचं, असा क्रम नाही तो. तुम्हीही ती वाट बघत बसू नका. पंधरा दिवसांत तो जाणार नाही.

आता मसुदा. वाचकांसाठी इथे देते, नाव वगळून:

“सौ. … यांचा जन्म एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. संसार व नोकरी ही तारेवरची कसरत सांभाळत त्यांनी लेखनाचा छंद जोपासला. त्यांच्या कथांना विविध दिवाळी अंकांतून प्रसिद्धी मिळाली असून काही पुरस्कारही लाभले आहेत. प्रस्तुत संग्रह हा त्यांचा एक छोटासा प्रयत्न होय.”

यात खोटं काहीच नाही, आणि तुम्हीही कुठे नाही. नाव बदलून हा परिचय कुणाच्याही पुस्तकावर छापता येईल, आणि थोड्याफार फरकाने तो छापलेला असतोच. लहानपणापासून वाचनाची आवड नसलेला लेखक मराठीत अजून व्हायचाय. ‘तारेवरची कसरत’ फक्त बायकांच्या परिचयात असते. पुरुषांचा संसार बहुधा सपाट जमिनीवर चालतो. ‘काही पुरस्कार’ म्हणजे कुठले ते लिहा, नाहीतर ते वाक्यच काढा, कारण नाव न घेतलेला पुरस्कार संशयास्पद वाटतो. आणि ‘छंद’! एकेक कथा पुन्हापुन्हा लिहून काढली, असं पत्राच्या दुसऱ्या पानावर सांगता आणि इथे त्याला छंद म्हणता. हा शब्द तुमचा नाही, ‘तेवढाच वेळ जातो’चं ते छापील रूप आहे.

तुमचा खरा परिचय पत्राच्या मागच्या बाजूला आहे. ता.क. म्हणून पेनाने जे लिहिलंय ते वाचकांनाही वाचू दे:

“मोजणीला गेलं की दोन्हीकडच्यांना वाटायचं, हिने समोरच्याचे पैसे खाल्लेत. म्हणून हद्दीच्या खुणा दाखवून होईपर्यंत मी कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नसे. बाटली घरून न्यायची. उन्हाळ्यात ती दुपारीच संपायची.”

ताई, हे वाचल्यावर लातूरच्या बाई पुस्तक गठ्ठ्यावर परत ठेवतील? तुम्ही हे ता.क.मध्ये टाकलंत, कारण तुमच्या लेखी ही नोकरीतली किरकोळ गोष्ट, सांगण्यासारखी नव्हे. सांगण्यासारखं म्हणजे काहीतरी भारदस्त, असं आपल्या डोक्यात बसलंय. परिचय लिहायला बसलं की माणूस उगाच कोट घालतो. मी करून बघितलं, ते असं:

“27 वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक. प्लेन टेबलवर काम सुरू केलं, रोव्हरवर संपवलं. मोजणीच्या दिवशी पाण्याची बाटली घरून नेण्याची पद्धत शेवटपर्यंत पाळली. कथा दिवाळी अंकांतून प्रसिद्ध. हा पहिला कथासंग्रह. वास्तव्य पुण्यात.”

शंभरही शब्द झाले नाहीत. प्रकाशक काही म्हणणार नाही, उरलेल्या जागेत तो फोटो मोठा करेल. (त्याच्याकडे येतेच.) स्वतःला ‘त्या’ म्हणायची वेळही कुठे आली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तरी अवघड वाटलं तर सरळ ‘मी’ लावून लिहा. परिचय तृतीयपुरुषीच हवा असा कुठे नियम नाही, आणि तो लेखकानेच लिहिलेला असतो हे आता सगळ्यांना कळतं. बाटलीचं वाक्य नको वाटलं तर काढा, दुसरं घ्या. पण तेही पाहिलेलं, हाताळलेलं घ्या. प्लेन टेबल काय, रोव्हर काय, हे सगळ्यांना कळणार नाही म्हणून घाबरू नका. कळलं नाही तरी हे लिहिणारीने ते हातात धरलंय, एवढं कळतं.

एक सावधगिरी बाळगा. गावांची आणि माणसांची नावं बदललीत असं तुम्ही लिहिता, आणि मसुद्याच्या खाली मात्र कुठल्या तालुक्यात कुठल्या वर्षी नेमणूक होती याची अख्खी यादी दिलीये, ‘हवी असल्यास घ्यावी’ म्हणून. घेऊ नये. कथेत झाकलेलं परिचयात उघडं पडतं. बांधाचं भांडण असलेला माणूस तालुका आणि वर्ष मिळालं तर गट नंबरापर्यंत पोचतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

टोपणनावाचा विचार याच कारणासाठी करत असाल तर तो समजण्यासारखा आहे. लाजेपोटी करत असाल तर नका करू. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, कमावत्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं त्यात होतं, आणि त्या काळात ते स्वतःच्या नावाने लिहिणं सोपं नव्हतं. नाव झाकायला कारण सज्जड होतं. पण परिणाम काय झाला? ही बाई कोण, यावरून महाराष्ट्रभर तर्क लढवले गेले. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव झाकलं की नजर चुकवता येते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात लोक आणखी टक लावून बघतात. तुमच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. सोसायटीतल्या तिघांना आठवड्यात कळेल, आणि मग ‘टोपणनाव कशाला घेतलं?’ याचंही उत्तर देत बसावं लागेल. कुसुमाग्रज, आरती प्रभू, ग्रेस यांच्या टोपणनावांचा मोह होत असेल तर इतकंच लक्षात घ्या, की ती नावं लपण्यासाठी टिकली नाहीत. ती मिरवली गेली, आणि मिरवायला तुम्ही आत्ता तयार दिसत नाही.

फोटो. तुमचं म्हणणं, एकही फोटो ‘आपला’ वाटत नाही. याला एक साधं कारण आहे. आपण स्वतःला रोज बघतो ते आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटं. भांग त्या बाजूला, तीळ त्या बाजूला. फोटोत तेच सुलट येतं आणि चेहरा जरासा परका वाटतो. अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये याचा प्रयोग छापला होता. बायकांना त्यांचाच फोटो सुलट आणि आरशातल्यासारखा उलटा असा दोन्ही प्रकारे दाखवला. बऱ्याच जणींना स्वतःचा उलटा आवडला, आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सुलट. रोजच्या बघण्यातलं ते बरं वाटतं, इतकंच. म्हणून फोटो निवडायचं काम तुम्ही करूच नका. दहा फोटो काढा आणि मुलाला, जुन्या मैत्रिणीला निवडू द्या. तुम्हाला फक्त एक फोटो बाद करायचा हक्क ठेवा.

काढायचा कसा? हनुवटीचा हात आधी खाली घ्या. तो का लावतात हे मला आजवर उमगलेलं नाही. डोकं जड झाल्याचं सुचवायचं असावं. पुस्तकांचं कपाटही नको. वाचक मान वाकडी करून मागच्या पुस्तकांची नावं वाचत बसतो, आणि तिथे हमखास एखादं पाककृतींचं नाहीतर स्पर्धापरीक्षेचं निघतं. हातात पेन नको, क्षितिजाकडे नजर नको, खांद्यावर शाल नको. आता भूकरमापक म्हणून कुणीतरी तुम्हाला बांधावर नेऊन, डोक्याला रुमाल बांधून फोटो काढायचं सुचवेल. त्यालाही नाही म्हणा. नोकरीत असतानाचा खरोखरचा तसा फोटो असता तर गोष्ट वेगळी. आत्ता जाऊन काढला तर ते नाटक होईल, आणि ते डोळ्यांत दिसतं. दुसऱ्या टोकाचा पासपोर्ट फोटोही नको. पांढऱ्या पडद्यापुढे कान दिसतील असा काढलेला फोटो ओळखपत्रापुरता ठीक.

गॅलरीत किंवा मोठ्या खिडकीशी बसा, सकाळी नाहीतर चारनंतर, ऊन थेट तोंडावर येणार नाही अशा बेताने. मुलाला फोन तोंडाजवळ आणू देऊ नका. फोन जवळ आला की नाक मोठं आणि कान लहान येतात, बऱ्याच जणांना स्वतःचे फोटो आवडत नाहीत त्याचं निम्मं कारण हेच. पाच-सहा फूट लांब उभं राहून त्याने दुप्पट झूम लावावा. तुम्ही कॅमेऱ्याकडे बघायचीच गरज नाही. एखादी कथा त्याला मोठ्याने वाचून दाखवा, मध्ये थांबून त्याला काहीतरी सांगा, आणि त्याने मधूनमधून बटण दाबावं. वाचायचा चष्मा असेल तर तो राहू द्या. साडी-ड्रेस काय घालायचं ते रोजचंच. आणि फोटो आजचा हवा. वीस वर्षांपूर्वीचा ‘छान आलेला’ फोटो मलपृष्ठावर टाकला की समारंभाला लोक तुमच्यासमोर उभे राहून लेखिका कुठेत म्हणून विचारतात.

पाठवताना मूळ फाइल मेलने पाठवा. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा टाकला तर फोटो दाबला जातो. तिथूनच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे दीड इंच रुंद फोटो छापायचा तर मूळ फोटो किमान 450 पिक्सेल रुंद हवा. हल्लीच्या कुठल्याही फोनवर त्याच्या कितीतरी पट मिळतात, फक्त वाटेत हरवू देऊ नका. मुलाचं नाव ‘लेखिकेचे छायाचित्र’ म्हणून आतल्या पानावर छापायला सांगा. त्याने कपाटापुढे बसवलं तो भाग सोडला तर कष्ट घेतलेत बिचाऱ्याने.

मनोगताबद्दल थोडंच. ‘मी काही लेखिका नाही’, ‘चुकलंमाकलं पदरात घ्यावं’, ‘गोड मानून घ्यावं’ यातलं एकही वाक्य नको. ताट वाढून ‘आज काही जमलंच नाही हो’ म्हणत शेजारी उभी राहणारी यजमानीण पाहुण्याला सुखाने जेवू देत नाही, प्रत्येक घासाला त्याला ‘छे छे, छानच झालंय’ म्हणावं लागतं. वाचकाला ते काम लावू नका. नम्रता अशी शब्दांत मांडली की तीही स्वतःकडे बघा म्हणण्याचीच तऱ्हा होते, आणि आत्मस्तुतीपेक्षा ती जास्त जागा खाते. त्याऐवजी पहिली कथा कशी सुचली, मोजणीची नोटीस निघाल्यापासून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात पडेपर्यंत गावात काय काय घडतं, लगतदार, म्हणजे शेजारच्या जमिनींचे मालक, कसे येतात आणि कसे येत नाहीत, हे दोन पानांत सांगा. शहरातल्या वाचकाला ते ठाऊक नसतं आणि कथा वाचताना उपयोगी पडेल. आभार नावानिशी माना आणि थांबा.

समारंभाची काळजी आत्तापासून करू नका. सूत्रसंचालकाला तुमचा तो सहा ओळींचा परिचय कागदावर छापून द्या आणि ‘एवढंच वाचा’ असं स्पष्ट सांगा. तो तरी चार विशेषणं घालणारच. तेव्हा मान हलवून नाही-नाही करू नका, खालीही बघू नका. त्याच्याकडे बघत बसा, दोन मिनिटांत संपतं.

आणि एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. मसुद्यात नाव ‘सौ.’ लावून, नवऱ्याच्या नावासकट आहे. पत्राखाली सहीत नुसतं नाव-आडनाव. मेलवर आद्याक्षरं. यातलं पुस्तकावर कुठलं? ‘सौ.’ मी तरी काढेन. लेखक पुरुष असला की त्याचं लग्न झालंय का, हे मुखपृष्ठावर छापत नाहीत. मधलं नाव ठेवायचं की नाही, माहेरचं आडनाव घ्यायचं की सासरचं, हे सर्वस्वी तुमचं. घरात त्यावर चर्चा करायची असेल तर या आठवड्यातच करा, कारण एकदा छापलं की ग्रंथालयाच्या नोंदीपासून विक्रीच्या याद्यांपर्यंत तेच नाव चालतं, आणि दुसरं पुस्तक निराळ्या रूपात आलं तर कपाटात तुम्ही दोन वेगवेगळ्या लेखिका म्हणून उभ्या राहता. सेवापुस्तकात होतं म्हणून तेच, असं मात्र करू नका, ते नाव खात्याने लिहिलं होतं. ठरलं की मेलच्या पहिल्याच ओळीत, जसं छापायचं तसंच देवनागरीत टाइप करून पाठवा, आणि मुखपृष्ठाची पीडीएफ आली की आधी स्पाइन, म्हणजे पुस्तकाचा कणा, बघा. समोरचं नाव दहा जण तपासतात, स्पाइनवरचं कुणीच तपासत नाही.